उचगावच्या बसची कॅप्टन

जून उजाडला की आमच्या शाळेत इलेक्शनची गडबड सुरू व्हायची. हेड गर्ल, तिची असिस्टंट, चार हाउसच्या कॅप्टन. मी बेळगावातल्या एका कॉन्व्हेंटमध्ये बावीस वर्षं मराठी शिकवलं. मुलींची शाळा, सिस्टर लोकांची, इंग्रजी माध्यम. मराठी म्हणजे तिसऱ्या भाषेचा तास. (डब्याच्या सुट्टीत मात्र अख्खी शाळा मराठीच.)

पद्धत ठरलेली. मुलीने असेंब्लीत दोन मिनिटं इंग्रजीत बोलायचं, मग चिठ्ठ्या, मग टीचर्सची मतं, शेवटचा शब्द हेडमिस्ट्रेसचा. बॅज जायचा कॅम्पातल्या नाहीतर टिळकवाडीतल्या मुलीला. त्या मुली गुणीच असायच्या, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण खेड्यांतून बसने येणाऱ्या मुली उभ्याच राहायच्या नाहीत, आणि त्याचं आम्हाला काही वाटतही नव्हतं.

एका जुलैत पावसाने कहर केला म्हणून शाळा अकरालाच सोडली. बसवाल्या मुलींबरोबर मी सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्टँडला गेले. स्टँडवर ही गर्दी! तिथे आमच्या नववीतली उचगावची एक मुलगी वहीच्या मागच्या पानावर नावं लिहीत होती. कोण कुठे उतरणार, कुणाला घ्यायला कोण येणार. कंडक्टरला कन्नडमध्ये "स्वल्प निल्लस्री" (जरा थांबवा) म्हणून तिने बस थांबवली, धाकट्यांना आधी चढवलं, कुणाच्या तरी आजीला फोनवर मराठीत धीर दिला. माझ्याकडे वळून म्हणाली, "टीचर, तुम्ही जावा घरी, भिजाल." वर्गात हीच मुलगी हजेरीला "प्रेझेंट" सुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणायची.

पुढच्या वर्षी मी तिचं नाव सुचवलं. स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, "इंग्रजीचं काय?" आमच्यातल्या एका वयस्क सिस्टरनी तेव्हा कोलकात्याच्या लोरेटो सियालदह शाळेची गोष्ट काढली. तिथल्या सिस्टर सिरिल यांना 2007 साली पद्मश्री मिळाली. त्यांनी रस्त्यावरच्या मुलींना शाळेत आणलं आणि शाळेतल्याच मुलींना त्यांना शिकवायला बसवलं, तेही वेळापत्रकातल्या तासाला. भाषणं ठोकून नव्हे, शेजारी बसून अक्षर गिरवून घेत. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "तिथे बॅज कोण विचारतं?" मग आमची मुलगी हाउस कॅप्टन झाली.

इथे घोळ मी घातला. शपथविधीसाठी तिला इंग्रजी भाषण मीच लिहून दिलं, मोठमोठ्या शब्दांचं, आणि आठवडाभर घोकून घेतलं. माइकसमोर तिसऱ्या वाक्याला ती अडकली. हॉल गप्प, पालक गप्प. मी पहिल्या रांगेत बसून ओठ हलवत होते, जणू ते तिला दिसणार होतं. ती "थँक यू" म्हणून खाली उतरली. तिला तिच्या शब्दांत बोलू द्यावं, हे मला सुचलंच नाही. मराठीच्या बाईला!

त्यानंतर वर्षभर ती स्टेजकडे फिरकली नाही. तिच्या हाउसच्या पाचवीतल्या मुली मात्र डबा विसरला, बूट फाटला, पोटात दुखलं की तिलाच शोधत यायच्या. बसची ती वही तिने दहावी सुटताना आठवीतल्या एका कडोलीच्या मुलीकडे दिली. मला न विचारताच.