चिरेखाणीतले रंग

कोकणचं चित्र म्हणजे माड, होडी आणि निळा समुद्र, असं घेणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. मी समुद्र भरपूर रंगवला. अलीकडे मात्र मला चिरेखाणींचं वेड लागलंय. मालवण-कुडाळकडच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा, कातळ वरून काळा ठिक्कर, पण जिथे तो चिऱ्यांसाठी कापलाय तिथे आत तांबड्या-नारिंगी भिंती सरळ खाली उतरलेल्या. हा दगड म्हणजे जांभा, कापताना मऊ असतो, हवा लागली की टणक होत जातो आणि ऊन-पावसानं, शेवाळानं काळवंडतो. त्यामुळे ताजा काप दिसतोय तोवरच काम उरकायचं.

पाऊस संपून खाणी सुरू झाल्या तशी एका खाणीच्या कडेला छत्री रोवून बसलो. खाली कापायचं मशीन कर्कशत होतं आणि धुरळ्यानं सगळी खाण फिक्कट गुलाबी झाली होती. रंगांची पेटीही तशीच, कागदही तसाच. समोर दिसतं तेच रंगवायचं, म्हणून मीही जलरंगाचा तसाच फिकट वॉश, म्हणजे पातळ थर, मारला. तेवढ्यात मुकादम चढून वर आला.

"तुमी खंयसून इलास? तहसीलदारान धाडल्यान काय तुमका?"

चित्रकार आहे म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. मग कागदाकडे वाकून म्हणाला, "आमची खाण अशी मेलेली खंय आसा?" आणि खाली हाक मारली, "रे, पाणी मार थंय!" विजापूरकडच्या एका पोरानं पिंपातून बादली भरली आणि भिंतीवर फेकली.

पाणी ओघळलं तशी भिंत उघडी पडत गेली. वर विटकरी थर, त्याखाली हळदीसारख्या पिवळ्या शिरा, मध्येच वांगी रंगाचा डाग आणि खाली पांढरट चिकणमातीचा पट्टा. धुरळा तर धुतला गेलाच, शिवाय दगडाच्या छिद्रांत पाणी भरलं की वरची पांढुरकी झाक जाते आणि आतला रंग दिसतो. तांबडं ते हेमेटाइट, पिवळं ते गोथाइट, दोन्ही लोखंडाचीच खनिजं. माझ्या पेटीतला तांबूस बर्न्ट सिएना आणि पिवळा यलो ऑकरही लोहाचेच रंग. उगाच कॅडमियम रेडच्या ट्यूबा पिळायची गरज नव्हती.

मी नवा कागद घेतला. ऊन चढत होतं आणि भिंत बघता बघता वाळत होती. पिवळ्याला आधी जागा दिली, तो ओला असतानाच कडेनं सिएना सोडला. जड रंग, कागदाच्या खळग्यांत दाणेदार बसला. तो पोत मला ब्रशनं कधीच आणता आला नसता. खरं काम सावलीचं होतं. खाणीतली सावली काळी नसते. वरून आभाळाचा निळा उतरतो, खालून तांबडी जमीन उजेड परत फेकते, म्हणून ती जांभळी होते. निळ्या अल्ट्रामरीनमध्ये जांभळा क्विनाक्रिडोन व्हायोलेट घालून सावली लावली आणि शेजारची नारिंगी पेटली, तिच्यावर एक थेंबही न चढवता. सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र बघा. बाईच्या हातातल्या दिव्याचा उजेड बोटांतून पाझरतो, कारण भोवती अंधार आहे. जलरंगातलं काम आहे ते! माझ्या चित्रांना 'भडक' म्हणणाऱ्यांना मी हल्ली त्या सावल्याच मोजायला सांगतो.

मशीन थांबलं, पोरं जेवायला बसली. मुकादम पुन्हा वर आला आणि बराच वेळ बघत राहिला.

"आता बरी दिसता. पण खाली खाणीचा नाव नको हां."

'चिरेखाण, सिंधुदुर्ग' एवढंच लिहिलं. तेही त्यानं दोनदा वाचून बघितलं.