दोरा एक ठोका दम खातो

तक्रारीच्या कागदावर एकच ओळ होती: ‘शिवण पूर्ण नसताना चाकू पडतो.’

मी काजाची मशीन डिझाइन करतो, १९ वर्षं झाली. या ओळीने जेवढी झोप उडते तेवढी ‘मशीन बंद पडलं’ या तक्रारीने उडत नाही. बंद पडलेलं मशीन कापडाचं काही वाकडं करत नाही.

बऱ्याच जणांना वाटतं, आधी भोक पाडायचं आणि मग त्याच्या कडा शिवायच्या. हाताने काज करणारा शिंपी तसंच करतो. कोटाच्या डोळा-काजाच्या, म्हणजे एका टोकाला गोल भोक असलेल्या काजाच्या, मशीनमध्ये दोन्ही पद्धती आहेत. आधी कापलं तर कड दोऱ्याखाली झाकली जाते आणि काज देखणं दिसतं. नंतर कापलं तर तंतू थोडे बाहेर डोकावतात, पण शिवण बिघडली तर कापड वाचवता येतं. जॉन रीस यांनी १८८१ मध्ये बोस्टनला काजाच्या मशीनची कंपनी काढली, तेव्हापासून या धंद्यात डोकेफोड चालू आहे ती याचीच, की चाकू कधी चालवायचा. शर्टाच्या सरळ काजात मात्र वाद नाही. आधी शिवायचं, मग कापायचं. एक बाजू, बारटॅक (टोकाचे आडवे दाट टाके), दुसरी बाजू, पुन्हा बारटॅक, शेवटचे गाठीचे टाके, आणि मशीन थांबता थांबता चाकू खाली. दोन रांगांच्या मध्ये चाकूला मिळणारी वाट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते.

आमचं मशीन जुन्या घराण्यातलं आहे, कॅमवर, म्हणजे हालचाली ठरवणाऱ्या चकतीवर, चालणारं. कॅमचा एक फेरा म्हणजे एक काज. तेवढ्या फेऱ्यात सुईने किती वेळा खाली जायचं हे गिअरची जोडी ठरवते. टाके दाट हवे असतील तर जोडी बदलायची. १८ लाइनचं बटण, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरला जरा कमी, त्याला अर्ध्या इंचाचं काज, टाके १३०च्या आसपास, वेग मिनिटाला ३३००. अडीच सेकंदांत खेळ संपतो. या अडीच सेकंदांत सुई वर-खाली जाते, डावी-उजवीकडे झुलते आणि क्लॅम्पमध्ये धरलेलं कापड पुढे-मागे सरकतं. तीन हालचाली, एकच मोटर, आणि एकही सेन्सर नाही. याचा मला अभिमान आहे. नव्या पोरांना तो हट्ट वाटतो, तेही बरोबर असेल.

सेन्सर नाही असं म्हटलं, पण एक आहे. तो मी बसवलेला. सुईचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमधून टेक-अपकडे (टाका ओढून घेणाऱ्या दांड्याकडे) जाताना एका बारीक तारेच्या लिव्हरखालून जातो. दोरा ताणलेला असेल तर लिव्हर उचललेला राहतो. दोरा तुटला की स्प्रिंग त्याला खाली ढकलते, त्याचं टोक चाकूच्या कुत्र्यासमोर (चाकू सोडणाऱ्या खिट्टीला आम्ही कुत्रा म्हणतो) येतं, कुत्रा अडतो आणि चाकू पडत नाही. कापडावर अर्धवट शिवण राहते, ती उसवून पुन्हा करता येते. कुत्रा लिव्हरकडे एकदाच ‘बघतो’, शेवटच्या बारटॅकमध्ये. मुद्दाम तिथे ठेवलं होतं. जितकं उशिरा बघावं तितकी बातमी ताजी.

आणि तरीही शिवण पूर्ण नसताना चाकू पडत होता.

शर्टाच्या कारखान्यात काजाचा नंबर जवळजवळ शेवटी लागतो. कॉलर बसलेली, बाह्या जोडलेल्या, कफ लागलेले, म्हणजे सगळ्यांची मजुरी त्या शर्टात जिरलेली असते. तिथे एका काजाची एक बाजू न शिवता कापली गेली की पुढची पट्टीच बदलावी लागते. मी पोचलो तेव्हा टेबलावर असे ४३ शर्ट रचून ठेवले होते. सुपरवायझर एकेक उचलून माझ्यासमोर धरत होता, जणू ते मीच फाडले होते.

पहिले दोन तास वाया गेले, आणि ते मीच घालवले. कुत्र्याची धार झिजली असणार असं मी येतानाच ठरवून आलो होतो. तो उघडला, भिंगाखाली धरला, धार नव्यासारखी होती. मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. मशीन चालू असताना कात्रीने दोरा तोडला. सुई रिकामीच नाचत राहिली आणि शेवटी चाकू खाडकन पडला.

मग पुढचं झाकण काढलं. लिव्हर वरच्या बाजूला टेन्शनच्या खांबाला बांधलेला होता. शिवणाच्याच दोऱ्याने, दोन फेरे, बारीक गाठ, टोकं कापलेली. काम इतकं नेटकं होतं की क्षणभर ते आपल्याच ड्रॉइंगमध्ये आहे की काय असं वाटलं.

“कुणी केलं हे?” सुपरवायझरचा आवाज अख्ख्या लाइनीने ऐकला.

“मी बांधला,” मशीनवरच्या ताई म्हणाल्या. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या असतील. आवाजात ना माफी ना गुर्मी. “साहेब, मी सोडते. तुम्ही मोजा.”

त्यांनी गाठ सोडली आणि चिंधीवर काजं मारायला सुरुवात केली. १४व्या काजाला शिवण पुरी झाली, दोरा शाबूत, आणि चाकू पडला नाही. पुढे २२व्याला पुन्हा तेच. न कापलेलं काज निरुपद्रवी आहे असं मी इतकी वर्षं मानत आलो होतो. त्यांनी मला दाखवलं की ते तसं नाही. पुन्हा मशीनखाली धरलं तर दुसरी शिवण पहिलीवर चढते, काज दगडासारखं होतं आणि बटण शिरत नाही. हाताने ब्लेडने कापायला गेलं तर दहातलं एक पातं बारटॅकमध्ये घुसतं. उसवून पुन्हा करायला तीन-चार मिनिटं, आणि डोक्यावर ताशी टार्गेट. त्या लिव्हरमुळे त्यांचं रोज अल्टर, म्हणजे दुरुस्तीचं काम, वाढत होतं आणि दोष त्यांच्या हाताला लागत होता. म्हणून त्यांनी तो बांधला. मीही बांधला असता.

“कधीपासून असं होतंय?”

“दोरा बदलला तेव्हापासून.”

आधी साधा स्पन पॉलिएस्टर होता, जरा केसाळ. ग्राहकाला काजावर चमक हवी म्हणून फिलामेंटचा गुळगुळीत दोरा आला. पण दोरा गुळगुळीत असला म्हणून अधूनमधूनच का फसेल, हे मला कळेना. ताईंनी टेन्शनच्या अलीकडे दोऱ्यावर बोट अलगद टेकवलं आणि मशीन चालवलं.

“इथे बोट ठेवा. शेवटच्या बारटॅकला दोरा एक ठोका दम खातो. मग परत ओढतो.”

मला बोटाला काहीच कळलं नाही. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये लिव्हरचं चित्रण केलं, तेव्हा दिसलं. बाजूच्या टाक्यांना एक टेन्शन, बारटॅकला दुसरं, अशा आमच्याकडे दोन चकत्या आहेत. एकीचा ताबा सुटून दुसरीचा बसेपर्यंत एका टाक्याइतका दोरा ढिला पडतो. केसाळ दोरा तेवढ्या वेळात वाटेतल्या कड्यांना घासून लिव्हरला धरून ठेवायचा. गुळगुळीत दोरा सोडून द्यायचा. एका टाक्याचा वेळ म्हणजे १८ मिलिसेकंद. लिव्हर पडून परत उठायचा, आणि नेमकं त्याच खिडकीत कुत्र्याने बघितलं तर चाकू रद्द. चाचणीसाठी मी सहा प्रकारचे दोरे वापरले होते. सहाही केसाळ. ताज्या बातमीच्या हौसेने मी कुत्र्याला बघायला लावलं होतं ते अख्ख्या काजातल्या सगळ्यात बेभरवशाच्या जागी.

हे झालं खोट्या इशाऱ्याचं. पण ४३ शर्टांवर दोरा खरोखरच तुटला होता, ते वेगळं प्रकरण. सुईचा दोरा खाली पकडणाऱ्या हूकच्या चोचीवरून नख फिरवलं तर कळलं नाही, दोऱ्याचं टोक फिरवलं तर अडकलं. ओरखडा होता. सुई हूकला घासत होती. चाक हाताने हळूहळू फिरवलं आणि सुईकडे बघत बसलो. टोक कापडाला टेकलं तरी सुईचं झुलणं संपलेलं नव्हतं. म्हणजे सुई कापडात शिरल्यावरही बाजूला सरकत होती, वाकत होती आणि वाकलेली जाऊन हूकवर आपटत होती. महिन्याभरापूर्वी मेकॅनिकने दात्यांचा पट्टा बदलला होता आणि तो एका दाताने चुकला होता. पुलीवर खूण आहे, झाकणावर खूण आहे, दोन्ही समोरासमोर आणायच्या एवढंच काम. “काका, खुणा बघितल्या नव्हत्या का?” तर म्हणाले, “आवाजावरून बरोबर वाटलं.” हात चांगला आहे त्यांचा, मान्य. पण आवाजावरून मशीन जुळवणाऱ्या माणसांनी मला आयुष्यात जितकं दमवलंय तितकं नवशिक्यांनी नाही.

पट्टा जुळवला. ओरखडा आधी बारीक तेलदगडावर, मग झिजलेल्या एमरीच्या पट्टीने, शेवटी पॉलिशची पेस्ट लावलेला दोरा त्याच दिशेने ओढून ओढून घालवला. चोचीचा आकार बदलू द्यायचा नाही आणि ओरखडाही ठेवायचा नाही, ही कसरत मला अजून जमते. अर्धा तास लागला. त्या दिवसातला तेवढा अर्धा तास बरा गेला.

मग विक्री विभागाच्या साहेबांचा फोन. काय सापडलं ते सांगितलं. लिव्हर बांधला होता हे ऐकताच पुढचं त्यांना ऐकायचं नव्हतं. “वापरातील फेरफार, असं लिहा आणि निघा. भरपाईचा विषय संपला.” आमच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात तीन चौकोन आहेत: सुटा भाग, बसवणी, वापर. डिझाइनसाठी चौकोनच नाही. फॉर्म मी बनवलेला नाही, पण इतकी वर्षं तो भरतोय आणि हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. मी ‘वापर’वर खूण केली. खाली दोन ओळींत दोऱ्याचं आणि पट्ट्याचं लिहिलं. खालच्या ओळी कोण वाचतं? एक प्रत सुपरवायझरकडे गेली.

परत आल्यावर उपाय लवकर सुचला, कारण तो ताईंच्या वाक्यातच होता. दोरा एक ठोका दम खातो, तर यंत्राने एका ठोक्यावर निकाल देऊ नये. लिव्हरच्या मागे तीन दातांचं छोटं रॅचेट बसवलं. सुई-दांड्याचा प्रत्येक ठोका त्याला एक दात पुढे ढकलतो. दोरा ताणलेला असेल तर लिव्हर त्याला प्रत्येक ठोक्याला शून्यावर आणतो. लागोपाठ तीन ठोके दोरा ढिला राहिला तरच रॅचेट शेवटपर्यंत जातं आणि कुत्रा अडतो. आमच्याकडची नवी मुलगी म्हणाली, इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये हे चार ओळींच्या प्रोग्रॅमचं काम आहे. आहेच. मी चार पितळी तुकड्यांत केलं. फिलामेंटच्या दोऱ्यावर ५००० काजं मारली, एकदाही चाकू उगाच अडला नाही. मधल्या टाक्यांत दोरा तोडून पाहिला, तेव्हा दर वेळी अडला.

तीनच का? दोन ठेवून पाहिलं होतं. दोऱ्याचा दम कधीकधी दुसऱ्या ठोक्यातही जातो. म्हणून तीन. पण तीन म्हणजे कुत्र्याने बघायच्या आधीच्या दोन टाक्यांत दोरा तुटला तर रॅचेट पोचणार नाही आणि चाकू पडणार. त्यानंतरच्या गाठीच्या टाक्यांत तुटला तर तो आधीही कळत नव्हता, आताही नाही. आणि दोरा शाबूत असताना टाका सुटला, तर लिव्हरला काहीच दिसत नाही. हे सगळं मी ड्रॉइंगच्या शेऱ्यात लिहिलं. शेरेही कोणी वाचत नाही.

तो भाग बसवायला दोन महिन्यांनी पुन्हा त्या कारखान्यात गेलो. काजाच्या मशीनवर दुसरी मुलगी होती. ताई दोन ओळी पलीकडे, बटण लावायच्या मशीनवर. सुपरवायझरला विचारलं, तर म्हणाला, “अदलाबदल असतेच.” असेलही. मी दिलेल्या त्या प्रतीशी याचा संबंध होता का, हे विचारायला तोंड उघडलं आणि नुसतंच पट्ट्याबद्दल विचारलं.

भाग बसवून झाला तशा ताई न बोलावताच उठून आल्या. त्यांनी दोऱ्यावर बोट टेकवलं, त्या मुलीला मशीन चालवायला सांगितलं, पाच-सहा काजं होऊ दिली.

“दम खाऊ देतंय आता.”

मी हो म्हटलं.

“आणि शेवटच्या टाक्यांत तुटला तर?”

हा प्रश्न आमच्या ऑफिसात कोणीही विचारला नव्हता. शेवटच्या दोन टाक्यांत आणि गाठीच्या टाक्यांत तुटला तर चाकू पडेल, असं मी सांगितलं. त्यांनी त्या मुलीला शेवटच्या बारटॅकवर बोट ठेवून काहीतरी हळू आवाजात समजावलं आणि आपल्या मशीनवर परत गेल्या. काय सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही.

ड्रॉइंग अजून टेबलावर आहे. कुत्र्याची नजर गाठीच्या टाक्यांपर्यंत नेता येते का बघतोय. नेली तर चाकूला पडायला १८ मिलिसेकंदसुद्धा उरत नाहीत.