इब्री लोकांस पत्र: बर्णबाची बाजू तपासली, हे निघालं

मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला, पण सांगण्यासारखं बरंच आहे. बायबलच्या नव्या करारातलं हे पत्र कोणी लिहिलं हा आपला प्रश्न. लेखक प्रेषित पौल नाही इथपर्यंत आपण आलोच होतो, ते मी पुन्हा एकदा पडताळून घेतलं आणि माझ्यासाठी त्यातलं २:३ (अध्याय २, वचन ३) पुरेसं आहे. तिथे लेखक म्हणतो की तारणाची गोष्ट आधी प्रभूने सांगितली आणि ज्यांनी ती ऐकली त्यांनी आम्हाला तिची खात्री पटवली. आता पौल गलतीकरांना काय लिहितो बघा (१:१२), मला हे कुठल्या माणसाकडून मिळालेलंच नाही म्हणून ठासून सांगतो! हा माणूस २:३ लिहील हे मला कुणी कितीही सांगितलं तरी पटणार नाही.

तरी पौलाचं नाव चिकटलं कसं, त्यासाठी पपायरस ४६ या जुन्या हस्तलिखिताचे फोटो झूम करकरून बघितले. साधारण इ.स. २०० च्या आसपासची पौलाच्या पत्रांची प्रत आहे ही, आणि एकाच पानावर वर रोमकरांच्या पत्राच्या शेवटच्या ओळी संपतात, मध्ये ‘इब्री लोकांस’ एवढंच शीर्षक आणि लगेच खाली आपलं पत्र सुरू! म्हणजे ज्याने ही प्रत केली त्याला हे पत्र पौलाच्या गठ्ठ्यातच मिळालं असणार. पण गठ्ठ्यात असणं हा काही लेखकाचा पुरावा नाही ना, पत्रात नाव नाही, सुरुवातीचा नमस्कारसुद्धा नाही.

आता बर्णबा, पौलाचा सहकारी. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हे पत्र सरळ बर्णबाच्या नावावर टाकतो, वाद चाललाय असं कुठेच जाणवू देत नाही, आणि बर्णबा लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातला, होता (प्रेषितांची कृत्ये ४:३६) त्यामुळे याजकपण, यज्ञ, मलकीसदेक (जुन्या करारातला राजा आणि याजक) हे पत्रातलं सगळं त्याला शोभतं असा युक्तिवाद असतो. मलाही तो आवडायचा, पण ९:४ वर गाडी अडली. लेखक सोन्याची धूपवेदी परमपवित्रस्थानाच्या, म्हणजे उपासनेच्या मंडपातल्या पडद्यामागच्या खोलीच्या, खात्यात टाकतो, आणि निर्गम ३०:६ नुसार ती पडद्याच्या बाहेर, अलीकडे. काही जण वेदीऐवजी धुपाटणं असा अर्थ घेऊन वाट काढतात पण मग मंडपातल्या सामानाच्या यादीतून अख्खी वेदीच गायब होते, ते मला ओढूनताणून वाटतं. लेवी घरातला माणूस हे असं लिहील का? अशक्य म्हणत नाही, पण ‘लेवी म्हणून बर्णबा’ हा मुद्दा आता मी वापरणार नाही.

पौलाच्या काळातला उपदेशक अपुल्लो, त्याची बाजू अनेकांना आवडते, ल्यूथरनेही त्याचं नाव घेतलं होतं. अलेक्झांड्रियाचा, वक्ता, शास्त्रात तरबेज (कृत्ये १८:२४), आणि पत्राची ग्रीक अशी घोटीव की वाचताना मजा येते. अडचण एकच पण मोठी. अलेक्झांड्रियातलेच दोन जुने ख्रिस्ती विद्वान बघा: क्लेमेंट म्हणतो मूळ पौलाचं, भाषांतर लूकचं, आणि ओरिजेन म्हणतो लिहिलं कोणी ते देवालाच ठाऊक. त्यांच्याच गावच्या माणसाचं नाव दोघांच्याही तोंडी नाही? ही शांतता मला जड वाटते.

पौलाची सहकारी प्रिस्किल्ला, तिचं नाव जर्मन अभ्यासक हार्नाकने १९०० मध्ये मांडलं, पण ११:३२ मध्ये लेखक स्वतःसाठी पुल्लिंगी रूप वापरतो, त्यामुळे मी तिकडे जास्त रेंगाळलो नाही.

माझा कौल अजूनही थोडासा अपुल्लोकडे, पण आधीपेक्षा कमी जोराने. पुढचं काम ठरलंय, रोमच्या क्लेमेंटचं (हा वेगळा क्लेमेंट) करिंथकरांना पत्र, अध्याय ३६, हे इब्री १ च्या शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघायचं. पहिल्या शतकाच्या शेवटी, म्हणजे बहुतेक जण धरतात त्याप्रमाणे ९६ च्या आसपास, रोममध्ये इब्री पत्र वापरात होतं आणि क्लेमेंट लेखकाचं नाव घेत नाही, आणि त्याच रोममध्ये पुढे कितीतरी काळ हे पौलाचं मानायला तयार नव्हते. १३:२४ मध्ये इटलीवाल्यांचा सलामही आहेच. रोमच्या बाजूने कुणी आधी खोदकाम केलं असेल तर नक्की लिहा.