कार्ड बदललं, तरी लिंक शंभरवरच

गोव्यातल्या वेर्ण्याच्या त्या कारखान्यात पावसाळ्यात सर्व्हर रखडला की निदान ठरलेलं: ‘कार्ड पाड जालां’, म्हणजे नेटवर्क कार्ड बिघडलं. यंदाही पुरवठादाराच्या माणसाने चार पोर्टचं इंटेल आय३५० काढून तसंच नवं बसवलं. नेटवर्कच्या फाइलमध्ये जुन्या कार्डाचा मॅक पत्ता (प्रत्येक कार्डाचा वेगळा ओळखक्रमांक) तसाच ठेवल्यामुळे नेटवर्कची जोडणी सुरूच होईना. तो बदलला, तर लिंकचा वेग पुन्हा १००० मेगाबिटऐवजी १०० वर.

कार्ड खरंच मेलं की एलएसपीसीआय या कमांडने मिळणाऱ्या हार्डवेअरच्या यादीतून गायब होतं, नाहीतर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदीत पीसीआय एररची रांग लागते. इथे तसलं काही नव्हतं. डीमेसेजमध्ये, म्हणजे त्याच नोंदीत, कार्डाचा आयजीबी ड्रायव्हर उलट स्पष्ट सांगत होता, की स्मार्टस्पीडने (पूर्ण वेगाची लिंक जमली नाही की वेग कमी करणाऱ्या कार्डाच्या सोयीने) वेग उतरवला. केबलमध्ये तारांच्या चार रंगीत जोड्या असतात. दोन टोकांमधली वेगाची बोलणी केशरी आणि हिरव्या जोडीवर होतात, १०० ला त्या दोनच पुरतात. गिगाबिटला, म्हणजे १००० ला, निळी आणि तपकिरीही लागते. एथटूल या कमांडने १००० सक्तीने लावा, असा सल्ला आलाच. पण तांब्याच्या तारेवर गिगाबिटला ऑटोनेगोशिएशन, म्हणजे हीच वेगाची बोलणी, लागतंच, ते बंद करून लिंक मिळत नाही.

स्विचवरून केबल टेस्ट लावली. तपकिरी जोडी तुटलेली, आणि अंतर मोजलं तर थेट भिंतीतल्या बॉक्सपाशी. भिंत चिऱ्यांची, बाहेरच्या बाजूला गिलावा नाही. पावसात ती पाणी पिते. जॅक उघडला तर तारेवर पांढरी भुकटी. नखाने खरवडलं, आत चंदेरी! वरून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, आणि वेष्टनावर ऐटीत ‘कॅट ६’ छापलेलं. कॅट ६ या केबलच्या दर्जाला सबंध तांबं लागतं, हे खरेदी खात्याला सांगायचं कुणी? त्यांना मीटरमागचा दर तेवढा दिसतो.

तांब्याची केबल ओढली, बॉक्स भिंतीपासून सुटा बसवला. लिंक १००० वर आली. कॅरिअर चेंजेसचा, म्हणजे लिंक किती वेळा तुटली-जुळली त्याचा, आकडा तेव्हापासून हललेला नाही.

पण मग आधी कार्ड बदलून काम भागायचं कसं? माझा अंदाज असा, की कार्डासोबत पॅच कॉर्डही (भिंतीतल्या जॅकपर्यंतची छोटी केबल) नवी लावत. ती खोचताना जॅकवर दाब पडून तार तात्पुरती टेकत असावी, आणि श्रेय कार्डाला. यंदा तार पुरतीच खाल्ली गेली होती.

काढलेली कार्डं हिशेबात भंगार म्हणून गेली आहेत. त्यातलं एक दुसऱ्या मशीनला लावून वेग मोजणारं आयपर्फ चालवलं: ९४० मेगाबिट.