मध्यम बजेटचा गेमिंग पीसी, डिचोली (गोवा): भाग ठरले, जोडणी पावसाआधी

बजेट सव्वा लाख, यूपीएस धरून. मॉनिटर आधीचाच, १४४० पी आणि १६५ हर्ट्झचा. जागा म्हणजे चिऱ्यांच्या घरातली बिनएसीची खोली. मे महिन्यात तिथे दुपारी ३२-३३ अंश असतात, खिडकीतून लाल धूळ येते आणि जूनपासून भिंतीला ओल धरते. रिव्ह्यूमधले तापमानाचे आकडे बहुतेक वेळा विशीतल्या थंड खोलीतले असतात, त्यामुळे प्रत्येक आकड्यात दहाएक अंश मिळवूनच भाग निवडले आहेत.

सॉकेट आणि एसएमपीएस

सगळे प्रोसेसरपासून सुरुवात करतात. ही यादी भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू केली आहे. वायरमनकडून मल्टिमीटरने तीन मापं घ्यायची: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी यायला हवीत, तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थला भलताच कमी किंवा सतत हलणारा आकडा आला, तर अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे किंवा जोडलेलीच नाही. अशा घरात कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. दोष एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, नसतो. त्याच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात, म्हणून अर्थ नसेल तर बॉडी निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगते. करंट नगण्य असला तरी त्या अवस्थेत एचडीएमआय केबल लावली-काढली की पोर्ट जाऊ शकतो. जांभ्याची जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जायचं.

वॅटचा हिशोब सोपा आहे. प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट, ग्राफिक्स कार्ड १६०, बाकी सगळं मिळून ५०-६०. झाले ३००. ५५० वॅटचा एसएमपीएस पुरला असता, पुढच्या कार्डाची सोय म्हणून ६५० घेतला. पण वॅटपेक्षा लेबलावरची एक ओळ महत्त्वाची, इनपुट व्होल्टेजची. काही स्वस्त मॉडेलवर २००-२४० लिहिलेलं असतं. संध्याकाळी सगळ्या वाड्यावर पंखे, मोटारी, एसी सुरू झाले आणि व्होल्टेज १९० वर आलं की असा एसएमपीएस ऐन खेळात बंद पडू शकतो, आणि लोक ग्राफिक्स कार्डाला शिव्या देतात. १००-२४० लिहिलेलाच घ्यायचा. दुसरी गोष्ट, पूर्ण वॅट कितव्या तापमानाला मिळतात? ४० अंशांवर की ५० अंशांवर? आपल्याकडे ५० वालाच.

यूपीएस १००० व्हीएचा, म्हणजे साधारण ६०० वॅटचा. खेळ सेव्ह करून मशीन नीट बंद करायला पाच मिनिटं मिळाली की काम झालं. घरच्या इन्व्हर्टरवर थेट चालवायचं असेल तर तो साइन वेव्हचा हवा आणि मागचा स्विच यूपीएस मोडवर हवा. वीज गेल्यावर एसएमपीएस पूर्ण भारावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आणि दुसऱ्या मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून जास्त वेळ घेतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या पुढे यूपीएस लावला तर यूपीएस त्या विजेला वीजच मानत नाही, टकटक करत बॅटरी संपवतो. यूपीएस असला तरी गडगडाट सुरू झाला की प्लग काढायचा. विजेच्या लोळापुढे स्पाइक बस्टर म्हणजे देवाक काळजी.

प्रोसेसर, बोर्ड, रॅम

रायझन ५ ७६००. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅटचा वर्ग. इंटेलचा १२४००एफ अजूनही चांगला आहे आणि डीडीआर४ रॅम घरात पडून असेल तर तोच घ्यावा. इथे रॅम नवीच घ्यायची होती, आणि एएम५ सॉकेटवर (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) पुढे एक्स३डी, म्हणजे जास्त कॅशचा खेळांसाठीचा, प्रोसेसर चढवता येतो, म्हणून ७६००. ७५००एफ थोडा स्वस्त पडतो, पण त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. कार्ड वॉरंटीत गेलं की महिनाभर काळा पडदा.

बोर्ड बी६५०, मायक्रो एटीएक्स. तीनच गोष्टी पाहिल्या: व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर) हीटसिंक, मागे बायोस फ्लॅशबॅकचं, म्हणजे प्रोसेसरशिवाय बायोस बदलायचं, बटण आणि कार्डाच्या स्लॉटखाली न दडणारा एक तरी एम.२ स्लॉट, म्हणजे एसएसडीची खाच. एएम५ च्या पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, १७१८. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण टाकून देऊ नका. बोर्ड वॉरंटीला पाठवताना ते लावावं लागतं, नाहीतर वाकलेली पिन तुमच्याच माथी.

रॅमवर सगळ्यात जास्त खल झाला. २०२५ च्या शेवटी भाव असे चढले की ३२ जीबीचा आकडा पाहून घाम फुटतो. पर्याय तीन होते. १६ ची एकच पट्टी घेतली तर बँडविड्थ निम्मी होते. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) बरे दिसतात, पण गर्दीच्या प्रसंगात अडखळतं. ८ च्या दोन घेतल्या तर दोन्ही चॅनल मिळतात, मात्र डीडीआर५ मध्ये ८ जीबीच्या पट्टीवर चारच चिप असतात आणि बँक ग्रुप (चिपमधले मेमरीचे गट) निम्मे, त्यामुळे ती १६ च्या पट्टीइतकी चपळ नसते आणि पुढे वाढवताना दोन्ही काढून विकाव्या लागतात. १६ च्या दोन, ६००० च्या वेगाच्या, सीएल (प्रतिसादाचा उशीर, कमी तितका बरा) ३० किंवा ३६, हेच खरं. त्यासाठी एसएसडी २ टीबीवरून १ टीबीवर आणला. सीएल३० साठी जास्त पैसे मोजू नयेत. चार पट्ट्या लावायचा मोह तर अजिबात नको, एएम५ वर वेग धाडकन खाली येतो.

ग्राफिक्स कार्ड

रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी. याच नावाचं ८ जीबीचंही कार्ड आहे, डबा जवळपास सारखाच. बिलावर आकडा लिहून घ्या. १४४० पी ला नव्या खेळांची टेक्स्चर ८ जीबीत मावत नाहीत, मग ती रॅममधून ये-जा करतात आणि चित्राला झटके बसतात. आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी हे त्याचं खरं प्रतिस्पर्धी. रे ट्रेसिंग किंवा ब्लेंडर करणाऱ्याने तेच घ्यावं. मात्र ते बोर्डाशी आठच लेनवर, म्हणजे डेटाच्या आठच वाटांवर, चालतं, त्यामुळे जुन्या पीसीआयई ३ च्या बोर्डात टाकणार असाल तर विचार करा.

कार्डाची लांबी मोजताना कॅबिनेटच्या पुढच्या पंख्याची जाडी, २५ मिमी, वजा करायची. हे दरवेळी कोणीतरी विसरतं.

कॅबिनेट आणि खारी हवा

काचेच्या तोंडाचं कॅबिनेट बाद. पुढे जाळी, निघणारा फिल्टर, आत ओढणारे १४० मिमीचे दोन पंखे, मागे बाहेर फेकणारा १२० चा एक. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ ओढली जात नाही. खाणपट्ट्यातली धूळ बारीक असते. पावसाळ्यात ती ओल धरून फिल्टरवर तांबडी साय जमते. पंधरा दिवसांनी फिल्टर धुवायचा आणि पूर्ण वाळवूनच लावायचा.

कांदोळी, मोरजी, मिरामार अशा समुद्रकाठच्यांना धुळीपेक्षा मिठाची काळजी. हवेतलं मीठ ओल ओढून घेतं आणि तांब्याला हिरवा गंज चढतो. उपाय एकच, मशीन रोज तासभर चालवा. गरम भागावर ओल बसत नाही. कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून काही होत नाही, उघड्या हवेत त्या दोन दिवसांत भिजून निकामी होतात. रॅमचे संपर्क खोडरबराने घासायची जुनी खोडही सोडा, सोन्याचा मुलामा पातळ असतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कपडा पुरे.

एसीच्या खोलीत मशीन ठेवणाऱ्यांसाठी: जुलैत आपल्याकडे दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. २२ अंशांच्या खोलीतून मशीन हॉलमध्ये आणलं की पत्र्यावर दव धरतं, थंडगार बाटलीवर धरतं तसं. दोन तास तसंच ठेवून मगच बटण दाबा.

जोडणीत नजर कुठे ठेवायची

प्रोसेसरच्या डब्यातला कूलर चालतो, पण ३३ अंशांत घरघरतो. चार हीटपाइपचा १२० मिमीचा टॉवर कूलर घेतला आहे. तळाची प्लास्टिकची फिल्म आणि एसएसडीच्या थर्मल पॅडवरची फिल्म काढायची. काढल्यावर दोन्ही टेबलावर मोजून ठेवा. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काळाच राहील आणि बोर्डावर डीरॅमचा दिवा पेटलेला दिसेल. एएम५ रॅमची ओळख करून घेत असतो, त्याला काही मिनिटं लागतात. घाबरून बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. दहा-पंधरा मिनिटं थांबून काहीच झालं नाही, तर एकच पट्टी दुसऱ्या खाचेत ठेवून बघायचं. चित्र आलं की बायोसमध्ये एक्स्पो (रॅमचा पूर्ण वेग लावणारं सेटिंग) चालू करायचं, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर किंवा त्याच्या आसपासच रांगते.

मॉनिटरची केबल कार्डात. ७६०० ला अंगचं ग्राफिक्स असल्यामुळे केबल बोर्डात लावली तरी विंडोज झकास दिसतं, आणि ‘नवं कार्ड घेऊन १५ एफपीएस’ अशी तक्रार येते.

सद्यस्थिती

आलेलं: एसएमपीएस, कॅबिनेट, बोर्ड, प्रोसेसर, कूलर, रॅम. बिलावर प्रत्येकाचा सीरियल नंबर लिहून घेतला आहे. बाकी: कार्ड, एसएसडी, यूपीएस. कार्ड पणजीच्या आणि मडगावच्या दुकानांत विचारलं आहे. लॅमिंग्टन रोडचा भाव कमी निघाला तरी, बिघडल्यावर ते मुंबईला कुरियरने कोण पाठवणार आणि खर्च कोणाचा, हे ठरल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पंख्यांचे वेग ठरवायचे ते मेच्या दुपारी दोन वाजता, खिडक्या बंद करून.