पगार मोठा, पण कुणाचा?

आज भाचीबरोबर अमेरिकेतल्या हेल्थकेअर ॲडमिनिस्ट्रेशनच्या डिग्रीचा हिशेब मांडत बसलो. तिच्या डोक्यात एकच आकडा: आरोग्यसेवा व्यवस्थापकांचा मध्यक पगार (म्हणजे निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी), मे २०२३ मध्ये वर्षाला १,१०,६८० डॉलर. सरकारी आकडा आहे, खरा आहे. पण त्यात वर्षानुवर्षं मुरलेले लोकही आले! नव्या पदवीधराच्या वाट्याला आधी हॉस्पिटलातलं बिलिंगचं नाहीतर पेशंट ॲडमिशनचं टेबलच येण्याची शक्यता जास्त. मग 'कॉलेज स्कोअरकार्ड' ही अमेरिकी शिक्षण खात्याची वेबसाइट उघडली. तिथे कोर्सनिहाय कमाई आणि कर्ज दोन्ही दिसतं (फक्त तिथल्या केंद्र सरकारची शिक्षणासाठीची मदत घेतलेल्यांचं, हे लक्षात ठेवायचं). म्हटलं, एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त होत असेल तर ते कॉलेज खोड. बरीच खोडली. एकावर मात्र अडून बसलीये, कॅम्पस सुंदर आहे म्हणे!