५० मिमीचं भोक

आज दिवसभर भोसरीच्या वर्कशॉपमध्ये रेडियल ड्रिलसमोर, म्हणजे भोकं पाडायच्या मोठ्या मशीनसमोर उभा. ४० मिमी जाडीची एमएसची (साध्या पोलादाची) प्लेट, तिला ५० मिमीची भोकं. नवीन पोरगा विचारतो, "दादा, डायरेक्ट ५०चंच लावू का?" म्हटलं, थांब रे बाबा, मशीनवर जरा दया कर.

मोठ्या ड्रिलच्या टोकाला मधोमध आडवी धार असते ना, ती कापत नाही, नुसती रेटते. निम्मा जोर तिथंच जातो. म्हणून आधी त्या धारेपेक्षा जरा मोठं पायलट, म्हणजे सुरुवातीचं छोटं भोक, मारायचं.

आरपीएमचंही (मिनिटाला फेऱ्यांचंही) तसंच. १२च्या ड्रिलला साडेसहाशे चालतात, ५०ला तेवढेच ठेवले तर धार निळी पडून मेलीच. एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) ड्रिलला धारेचा वेग मिनिटाला २५ मीटर धरा, हिशेब १६० आरपीएमच्या आसपास येतो. इतकं हळू फिरताना बघून पोराला वाटलं, मशीन बिघडली!

कूलंट नीट पडत असलं की बघायला मजा येते. दोन्ही खाचांतून सारख्याच जाडीच्या चिप्स पीळ घेत वर येतात, दुधट पाण्यातून वाफ निघते. हातमोजे मात्र काढूनच, आणि चिप्स हुकनेच ओढायच्या. यावर आमच्याकडे चर्चा नाही. शेवटचे दोन-तीन मिमी राहिले की फीड, म्हणजे ड्रिल खाली सरकायचा वेग, कमी. तिथंच ड्रिल अडकतं, आणि प्लेट धरणारा क्लॅम्प ढिला असेल तर अख्खी प्लेट गरकन फिरते.

मालक आता मॅग्नेटिक ड्रिल (चुंबकानं प्लेटलाच चिकटणारी मशीन) आणि अॅन्युलर कटर घेऊ म्हणतायत. हा कटर फक्त गोल चर कापतो, मधला तुकडा अख्खा बाहेर. वेळ वाचेल, मान्य. पण कटरची किंमत ऐकलीत का?